मॅच परगावची, गाडी गोंदियाची

फुटबॉलच्या नादाला लागलेल्या माणसाचं वर्ष दोन प्रकारच्या सामन्यांत वाटलं जातं. काही सामने घरच्या मैदानावरचे, बाकीचे परगावचे. गोंदियाकराला ही वाटणी लागूच पडत नाही. इंडियन सुपर लीगचा संघ गोंदियात नाही, भंडाऱ्यात नाही, नागपुरातही नाही. त्यामुळे आमचा प्रत्येक सामना परगावचा. आधी संघ निवडायचा, मग गाडी, मग बर्थ. आणि मनापासून सांगतो, फुटबॉल बघण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. नव्वद मिनिटांच्या खेळासाठी दोन रात्री गाडीत काढणारा माणूस मैदानाच्या पायऱ्या चढतो, तेव्हा त्याची अर्धी मॅच आधीच जगून झालेली असते.

तर परगावच्या मॅचच्या या काही गमती. काही आपल्या जंक्शनवरच्या, काही सातासमुद्रापलीकडच्या.

सेंटर सर्कल आमच्याकडे

मुंबई ते हावडा हा लोहमार्ग नागपूरवरून गेला की १,९६८ किलोमीटर भरतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून गोंदिया ९६७ किलोमीटर. उरले १,००१. म्हणजे दोन्ही टोकांच्या अंतरात फरक फक्त ३४ किलोमीटरचा! खरा मध्यबिंदू काढायचा तर गोंदिया सोडल्यावर १७ किलोमीटर पुढे जायचं. आमगाव यायच्या आधीच, धानाच्या बांध्यांमध्ये कुठेतरी तो पडतो.

आता या १,९६८ किलोमीटरच्या लांबलचक मैदानाचे दोन गोलपोस्ट बघा. एका टोकाला मुंबई सिटी. दुसऱ्या टोकाला मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन स्पोर्टिंग. मधलं वर्तुळ आमच्या जिल्ह्यात. कुठल्याही बाजूला निघा, अंतर जवळपास सारखंच. त्यामुळे एकाच घरात एक भाऊ मुंबईचा आणि दुसरा बागानचा निघाला तरी प्रवासखर्चावरून भांडण होण्याचं कारण नाही.

या मार्गावरची सगळ्यात गाजलेली ‘परगावची मॅच’ म्हणजे ४ मे २०२४ ची. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर सुपर लीगची अंतिम फेरी, मोहन बागान विरुद्ध मुंबई सिटी. त्याच मैदानावर १९ दिवस आधी, १५ एप्रिलला, बागानने मुंबईला २-१ असं हरवून लीग शील्ड हिसकावली होती. अंतिम सामन्यातही पहिला गोल बागानचाच, जेसन कमिंग्जचा. स्टेडियममध्ये साठ हजारांवर माणसं आणि त्यांतली बहुतेक सगळी हिरव्या-मरून रंगांतली. मग दुसऱ्या सत्रात पेरेरा डियाझ, बिपिन सिंग आणि अगदी शेवटी याकुब व्होयतुश. ३-१! परगावच्या सामन्यात गोल झाला की क्षणभर आवाजच येत नाही, सगळं स्टेडियम श्वास रोखतं, आणि कुठल्या तरी एका कोपऱ्यातून मूठभर लोकांचा जल्लोष ऐकू येतो. ती शांतता ऐकण्यासाठीच माणूस हजार किलोमीटर जातो, असं माझं ठाम मत आहे.

दोन इंच फोम आणि एक मराठी मंत्री

गीतांजली एक्सप्रेस गोंदियाला थांबते. १९७७ साली ती सुरू केली तेव्हा रेल्वेमंत्री होते मधु दंडवते. गाडीचं वैशिष्ट्य असं की तिच्यात वर्गच नव्हते. पहिला वर्ग, दुसरा वर्ग असला भेद नाही, सगळ्यांना एकच डबा. समाजवादी माणसाने आपला विचार थेट रुळांवर आणला होता. नाव मात्र दिलं रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहाचं, कारण गाडी जाणार होती बंगालला.

दंडवत्यांची दुसरी देणगी तर आजही पाठीला जाणवते. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तेव्हा नुसत्या लाकडी फळ्या असायच्या. त्यांवर दोन इंचांचा फोम आला तो त्यांच्या कारकिर्दीत. सामना हरून परतताना अख्खी रात्र त्या बर्थवर कूस बदलत काढलेल्या प्रत्येक चाहत्याने या माणसाची आठवण ठेवावी.

कोच नावाचं गाव

आरक्षणाच्या तिकिटावर ‘कोच एस-४’ असं छापलेलं असतं. मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडणाराही कोच. हा योगायोग नाही, दोन्ही शब्द एकाच गावातून आले आहेत. हंगेरीत कोच नावाचं एक खेडं आहे. पंधराव्या शतकात तिथल्या सुतारांनी प्रवासासाठी एक हलकी, आरामशीर घोडागाडी बनवली. गाडी युरोपभर गेली आणि गावाचं नावही सोबत घेऊन गेली. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणी-मास्तरांना गमतीने ‘कोच’ म्हणायला सुरुवात केली. जो आपल्याला बसवून मुक्कामाला पोहोचवतो तो कोच! तिथून तो शब्द खेळात शिरला.

आणि हंगेरीने हे ऋण मैदानावरही वसूल केलं. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी पुश्काशच्या हंगेरीने लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडला ६-३ असं लोळवलं. ब्रिटिश बेटांबाहेरचा कुठलाही संघ तोवर वेम्बलीवर इंग्लंडला हरवू शकला नव्हता. परगावी जाऊन मिळवलेल्या विजयांची यादी करायला बसलात तर पहिलं पान इथेच उघडा.

लालपरीचा ‘प्रासंगिक करार’

गावच्या पोरांची टीम पन्नास-साठ किलोमीटरवर स्पर्धेला निघाली, की सोबत पाठीराख्यांची फौज असतेच. अशा वेळी आठवते एस.टी. पहिली एस.टी. धावली १ जून १९४८ ला, अहमदनगर ते पुणे. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. तीच आज आपल्याकडे भंडारा विभागाच्या गोंदिया आणि तिरोडा आगारांतून सुटते.

अख्खी बस भाड्याने घेण्याला एस.टी.च्या भाषेत एक झकास नाव आहे, ‘प्रासंगिक करार’. लग्नाचं वऱ्हाड, शाळेची सहल, देवदर्शन, कुठलाही प्रसंग चालतो. आगारात अर्ज द्यायचा, किलोमीटरच्या हिशेबाने पैसे आधी भरायचे, की समोरच्या काचेमागे पाटी लागते. मॅचला निघालेल्या बसमध्ये शेवटची लांब सीट कायम मोठ्या आवाजाच्या पोरांची. ढोलकी तिथेच, घोषणा तिथूनच सुरू होणार. पुढच्या सीटवर चालकाशेजारी बसणारा माणूस मात्र शांत असतो. त्याच्या मांडीवर नायलॉनच्या जाळीत बांधलेले चेंडू असतात आणि खड्डा आला की तो आधी त्यांच्यावर हात ठेवतो.

तसंही, करमणुकीसाठी परगावी जाणं या मुलखाला नवं नाही. दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. कुठल्या गावात दंडार, कुठे रात्रभराचं नाटक. माणसं बैलबंडीने जात, पुढे ट्रॅक्टरने जाऊ लागली, आता जीपने जातात. नाटक पहाटे संपतं, मग तिथूनच घरी आणि घरून शेतात. सामन्यासाठी रात्र जागवणारा गोंदियाचा चाहता याच लोकांचा नातू आहे.

शेवटच्या स्टेशनावर फुटबॉलची राजधानी

गोंदियाहून सकाळी एक गाडी निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी थांबते. ती महाराष्ट्र एक्सप्रेस. सुमारे १,३५० किलोमीटर धावते, पण राज्याची हद्द एकदाही ओलांडत नाही. धानाच्या बांध्यांपासून वऱ्हाडच्या कापसापर्यंत, जळगावच्या केळीपासून साताऱ्या-सांगलीच्या उसापर्यंत सगळा महाराष्ट्र खिडकीतून सरकत जातो. आणि शेवटचं स्टेशन कोणतं? कोल्हापूर. महाराष्ट्रात फुटबॉलचं वेड सगळ्यात जास्त कुठे, असं विचारलं तर दुसरं नाव घेताच येत नाही. एका टोकाला आम्ही मैदान नसलेले, दुसऱ्या टोकाला मैदानासाठी जीव टाकणारे, आणि मध्ये थेट गाडी!

कोल्हापुरातले संघ मुळात तालमींचे आणि पेठांमधल्या मंडळांचे. पाटाकडील तालीम मंडळ, ज्याला सगळे पीटीएम म्हणतात. शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. मैदान राजर्षी शाहूंच्या नावाचं. लाल मातीत कुस्ती खेळणाऱ्या पेठांनी चेंडू कधी पायात घेतला आणि कधी तो त्यांचाच होऊन गेला, हे बघायचं असेल तर एकदा शिवाजी विरुद्ध पीटीएम सामना गाठा. विश्वचषक आला की याच पेठांमध्ये मेस्सी, रोनाल्डो, नेमारचे माणसाच्या कितीतरी पट उंच कटआउट उभे राहतात. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

जवळचा पर्यायही आहे. नागपूरच्या अलीकडे गाडी कामठीला थांबली तर उतरा. १८२१ साली इंग्रजांनी इथे लष्करी छावणी वसवली, आणि छावणी आली तिथे फुटबॉल आला, हा हिंदुस्थानभरचा अनुभव. कामठीचा रब्बानी क्लब आजही नागपूर जिल्ह्याच्या फुटबॉलमध्ये मानाने घेतलं जाणारं नाव आहे. दोन-अडीच तासांत पोहोचता येईल इतकं जवळ, आणि तरीही परगावचं!

पतंगावर लिहिलेला स्कोअर

२९ जुलै १९११. कोलकात्यात आयएफए शील्डची अंतिम लढत, मोहन बागान विरुद्ध ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. बागानचे अकरापैकी दहा जण अनवाणी, बूट फक्त पाद्री सुधीर चटर्जींच्या पायात. गोऱ्या पलटणीला आपली माणसं भिडणार म्हणून पूर्व बंगाल आणि आसामपर्यंतची माणसं निघाली. जादा गाड्या सोडाव्या लागल्या, नदीतून जादा स्टीमर सोडावे लागले. आपल्या देशातल्या चाहत्यांचा एवढा मोठा प्रवास एका फुटबॉल सामन्यासाठी त्याआधी झाला नव्हता, असं मला वाटतं.

आले हजारोंनी, पण मैदान दिसणार किती जणांना? मग कोणीतरी डोकं लढवलं. गोल झाला की पतंगावर आकडा लिहून तो आभाळात चढवायचा. मागे उभी असलेली गर्दी मान वर करून सामना ‘बघत’ होती. आधी पलटणीचा गोल, मग शिवदास भादुडी, मग अभिलाष घोष. पतंगावर अखेरचा आकडा होता बागान २, रेजिमेंट १.

स्टेडियममध्ये बसलेलं अख्खं गोंदिया

एक आकडा तुम्हाला थक्क करील. १३ जुलै १९९७ रोजी सॉल्ट लेकवर फेडरेशन कपची उपांत्य फेरी झाली. ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. प्रेक्षक होते १ लाख ३१ हजार ७८१. आणि २०११ च्या जनगणनेत गोंदिया शहराची लोकसंख्या किती? १ लाख ३२ हजार ८१३! तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत सगळं गोंदिया शहर एका स्टेडियममध्ये नेऊन बसवलं असतं, तरी जेमतेम हजारभर माणसं बाहेर उरली असती. त्या दिवशी बायचुंग भुतियाने तीन गोल मारले आणि ईस्ट बंगाल ४-१ असं जिंकलं.

आता या स्टेडियमपर्यंत पोहोचायचं कसं, हेही ऐका. हावड्याला उतरलं की स्टेशनला लागूनच मेट्रो. ती हुगळी नदीच्या पोटातून जाते, पाण्याखालचा सुमारे अर्ध्या किलोमीटरचा टप्पा पाऊण मिनिटात पार. मार्च २०२४ मध्ये हा नदीखालचा भाग सुरू झाला आणि २२ ऑगस्ट २०२५ पासून तीच गाडी थेट सॉल्ट लेकपर्यंत जाते. स्टेशनचं नावच ‘सॉल्ट लेक स्टेडियम’. म्हणजे गोंदियाच्या फलाटावरून पाय उचलला की स्टेडियमच्या दारापर्यंत सगळा प्रवास रुळांवरून.

आणि एक धडा आधीच गिरवून जा, माशांचा. ईस्ट बंगाल जिंकलं की घरोघरी इलिश शिजतो, मोहन बागान जिंकलं की चिंगडी, म्हणजे कोळंबी. आम्ही चौघं पहिल्यांदा ईस्ट बंगाल-बागान डर्बीला निघालो तेव्हा समोरच्या बर्थवर एक वयस्कर बंगाली गृहस्थ होते. आमच्या पिशवीतून डोकावणारी जर्सी बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “इलिश की चिंगडी?” आम्ही तलावांच्या जिल्ह्यातले, झिंगे खाऊन वाढलेले. उत्तर द्यायला वेळ लागला नाही. मग त्यांनी डबा उघडला, आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी काढली, आणि टाटानगर येईपर्यंत १९७० च्या दशकातला प्रत्येक गोल त्यांनी बोटांनी चादरीवर काढून दाखवला. मुरमुरे आम्ही घरून भरून नेले होते. त्यांनी त्यात मोहरीचं तेल, कांदा, मिरची घालून झालमुडी करून दिली. धान आमच्याकडचं, चव त्यांच्याकडची.

वाटेतली भट्टी

टाटानगर म्हटलं की थांबायलाच हवं. हावड्याच्या अडीचशे किलोमीटर अलीकडे हे स्टेशन येतं आणि गाव जमशेदपूर. पोलादाचं गाव, म्हणून तिथल्या मैदानाला चाहते ‘फर्नेस’ म्हणतात, म्हणजे भट्टी. १९८७ पासून इथे टाटा फुटबॉल अकादमी चालते, भारताच्या संघाला कित्येक खेळाडू इथूनच मिळाले. २०१७ साली जमशेदपूर एफसी उभा राहिला. कोलकात्याला जाण्याइतकी रजा नसेल तर गोंदियाहून रात्रभराच्या प्रवासात ही भट्टी गाठता येते.

रेल्वेवाल्यांची लीग

आपल्याला मॅचला नेणारी रेल्वे स्वतःही खेळते, आणि अशी तशी नाही. १९५८ साली कलकत्ता फुटबॉल लीग जिंकली ईस्टर्न रेल्वेने. बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन या तिघांच्या राज्यात रेल्वेचे नोकरदार अजिंक्य! त्यांचा हिरा होता पी. के. बॅनर्जी. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये भारताचा कर्णधार, फ्रान्सविरुद्धच्या बरोबरीत भारताचा गोल करणारा, १९६२ च्या आशियाई सुवर्णपदक विजेत्या संघातला. हा माणूस बागानकडून किंवा ईस्ट बंगालकडून कधीच खेळला नाही, कारकिर्दीचा बहुतेक काळ रेल्वेचाच राहिला. त्या तिघांबाहेरच्या संघाने लीग पुन्हा जिंकायला किती वर्षं लागली माहीत आहे? ६१. थेट २०१९ साली पीअरलेसने ती जिंकली.

गोंदिया येतं दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात. २००३ मध्ये बिलासपूरला मुख्यालय ठेवून हा झोन झाला. त्याचाही फुटबॉल संघ नागपूरच्या लीगमध्ये खेळतो. कामावर हातात हिरवी-लाल झेंडी धरणारी आणि मैदानात लाल कार्डाला घाबरणारी माणसं मला फार जवळची वाटतात.

बोट चुकली, विश्वचषक चुकला

सर्वांत पहिला विश्वचषक १९३० साली उरुग्वेत झाला. युरोपातून जायचं म्हणजे समुद्रावर पंधरा दिवस. फ्रान्स, रोमानिया आणि बेल्जियम, तिन्ही संघ ‘कोंते वेर्दे’ नावाच्या एकाच जहाजात. फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमेही त्याच जहाजात, आणि त्यांच्या सामानात विश्वचषक! खेळाडू डेकवर धावायचे, व्यायाम करायचे. वाटेत रिओला ब्राझीलचा संघ चढला. इजिप्तचाही संघ येणार होता, पण भूमध्य समुद्रातल्या वादळामुळे त्यांची पुढची बोट चुकली आणि स्पर्धाही चुकली. तत्काळ तिकीट हुकल्यावर हळहळणाऱ्यांनी इजिप्तचं दुःख आठवावं.

अंतिम फेरी उरुग्वे आणि अर्जेंटिना यांच्यात. मध्ये फक्त ला प्लाता नदीचं विशाल मुख. अर्जेंटिनाचे चाहते बोटी भरभरून रात्रीच निघाले. आणि धुकं पडलं. कित्येक बोटी नदीतच अडकल्या, त्यांतली माणसं पोहोचली तेव्हा सामना संपला होता. इकडे मैदानावर चेंडू कोणाचा वापरायचा यावर तंटा झाला, मग पहिलं सत्र अर्जेंटिनाच्या चेंडूने आणि दुसरं उरुग्वेच्या. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे, शेवटी उरुग्वे ४-२ ने विजयी. धुक्यात अडकलेल्या त्या चाहत्यांची मला सामन्याहून जास्त आठवण येते.

लांबचं आणि जवळचं

ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगमध्ये न्यूझीलंडचं वेलिंग्टन खेळतं. त्यांना पर्थला जायचं तर सव्वापाच हजार किलोमीटर, गोंदिया-कोल्हापूरच्या जवळपास चौपट. व्लादिवोस्तोकचा लुच हा संघ २००६ ते २००८ रशियाच्या वरच्या लीगमध्ये होता. मॉस्कोला रेल्वेने जायचं ठरवलं असतं तर ९,२८८ किलोमीटर, सहा-सात दिवस!

याच्या उलट स्कॉटलंडमधलं डंडी. डंडी आणि डंडी युनायटेड यांची मैदानं एकाच रस्त्यावर, दोनशे-तीनशे मीटरच्या अंतराने. चोवीस डब्यांची गाडी साडेपाचशे मीटरपेक्षा लांब असते. गोंदियाच्या फलाटावर इंजिनापासून पँट्रीपर्यंत चालत गेलात की तुमची ‘अवे मॅच’ आलीच म्हणायची.

परगावच्या गोलाचं वजन

परगावी खेळणं अवघड, हे फुटबॉलने कागदावर मान्य केलं होतं. १९६५ पासून युरोपातल्या स्पर्धांत नियम आला, दोन लढतींची बेरीज सारखी झाली तर परगावी जास्त गोल केलेला संघ पुढे. त्या काळी प्रवास लांबचा, मैदान अनोळखी, खाणं परकं, म्हणून तिथल्या गोलाला जास्त मान. २०२१ साली हा नियम काढून टाकला. प्रवास सोपा झाला, हे कारण पटतं. तरीही मला वाईट वाटलं. चाहत्याच्या हिशेबात परगावचा गोल आजही दुप्पटच मोजला जातो.

चाहत्यांचा मान मात्र इंग्लंडने राखला. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या चाहत्यांसाठी ३,००० जागा किंवा मैदानाच्या दहा टक्के जागा राखाव्या लागतात आणि २०१६ पासून त्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे. तिथेच १९७३ साली चाहत्यांसाठी ‘लीग लायनर’ नावाची खास गाडी निघाली, तिच्या एका डब्यात चक्क डिस्को होता. जर्मनीत तर बऱ्याच क्लबांच्या सामन्याचं तिकीट म्हणजेच त्या दिवशीचा स्थानिक बस-रेल्वेचा पास. आणि कोचीत केरळ ब्लास्टर्सचा सामना असला की मेट्रो रात्री उशिरापर्यंत धावते.

बसचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, ‘पार्क द बस’ हा शब्दप्रयोग गाजला तो २००४ साली. टॉटनहॅमने चेल्सीच्या मैदानावर येऊन नुसता बचाव केला, सामना ०-० सुटला आणि चेल्सीचे प्रशिक्षक मोरिन्यो वैतागले. पाहुण्यांनी येताना बस आणली आणि ती गोलपोस्टसमोरच लावली, अशा अर्थाचं ते बोलले. तेव्हापासून जगभरच्या गोलपोस्टसमोर बस उभी आहे.

झोपडपट्टीतून विमानात

परगावच्या प्रवासाची विदर्भातली सगळ्यात मोठी गोष्ट नागपूरची. हिस्लॉप कॉलेजमध्ये खेळ शिकवणारे विजय बारसे यांना भर पावसात वस्तीतली पोरं एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. त्यांनी चेंडू आणून दिला. २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं, पुढे ‘स्लम सॉकर’. वस्तीबाहेरचं शहरही नीट न पाहिलेली मुलं बेघरांच्या विश्वचषकासाठी परदेशात जाऊन आली. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ ४ मार्च २०२२ ला आला तो याच गोष्टीवर. त्या मुलांपैकी किती जणांनी आयुष्यातला पहिला पासपोर्ट चेंडूमुळे काढला असेल, हा विचार करून बघा.

लहान गावांनो, ऐका

२०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडने इंग्लंडला २-१ असं घरी पाठवलं. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ३ लाख ३० हजार. गोंदिया जिल्ह्याची २०११ मधली १३ लाख २२ हजार. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या चतुर्थांश माणसांचा देश! आणि २०२६ च्या विश्वचषकासाठी कुरसाव नावाचं कॅरिबियन बेट पात्र ठरलं, लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. साधारण गोंदिया शहराएवढी वस्ती थेट विश्वचषकात.

साठ दिवस आधी

पूर्वी रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. सामन्यांचं वेळापत्रक हाती येताच आम्ही प्रवासाच्या दोन्ही तारखांतून साठ दिवस वजा करतो. त्या-त्या दिवशी सकाळी आठला एकाच्या मोबाइलवर जायची गाडी, दुसऱ्याच्या मोबाइलवर यायची. आमगावचा मामेभाऊ नेहमी खिडकीशेजारची खालची बर्थ मागतो, कारण त्याला तो १७ किलोमीटरवरचा मध्यबिंदू बघायचा असतो. तिथे खूण काहीच नाही. धान कापून झालेलं असतं, बांध्या मोकळ्या, पायाला टोचणारी धसकटं उभी. दोन धुऱ्यांवर चपला मांडून गोलपोस्ट केलेले असतात आणि दहा-बारा पोरं चेंडूमागे धावत असतात. गाडी आली की खेळ थांबतो, सगळी हात हलवतात. मामेभाऊ खिडकीतून जर्सी फडकवतो. मागच्या वेळी त्यांतल्या एकाने ओरडून विचारलं, “किती झाले?” आम्ही बोटांनी स्कोअर दाखवला, आणि गाडीने वेग घेतला.